उचकी का लागते आणि ती कशी थांबवायची

उचकी लागलेली असतानाच हा लेख उघडला असेल, तर आधी उपाय करा. कारणं नंतर सावकाश वाचता येतील.

१. पाठ ताठ ठेवून बसा. खांदे आणि पोट सैल सोडा.
२. तोंडाने सगळा श्वास बाहेर सोडा, पोट आत जाईपर्यंत.
३. आता जमेल तितका खोल श्वास आत घ्या आणि १० सेकंद रोखून धरा.
४. तो श्वास बाहेर न सोडता, आहे त्यावर आणखी थोडी हवा आत ओढा. ५ सेकंद थांबा.
५. जागा उरली नाही असं वाटलं तरी पुन्हा किंचित हवा आत ओढा. आणखी ५ सेकंद थांबा.
६. श्वास हळूहळू सोडा आणि पुढचे काही श्वास शांतपणे घ्या.

श्वास रोखलेला असताना मध्येच एखादी उचकी आली तर घाबरून श्वास सोडून देऊ नका, आकडे मोजत राहा. बहुतेक जण नेमके इथेच थांबतात आणि उपाय निरुपयोगी ठरवतात. एकदा करून फरक पडला नाही तर मिनिटभर नेहमीसारखा श्वास घ्या आणि पुन्हा एकदा करा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी श्वास रोखण्याच्या फंदात पडू नये. त्यांच्यासाठी पुढे दुसरे उपाय आहेत.

शरीरात नेमकं काय घडतं

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक स्नायू असतो, श्वासपटल. तो आकुंचन पावून खाली सरकला की फुप्फुसांत हवा येते, सैल पडला की हवा बाहेर जाते. उचकीत हा स्नायू आणि बरगड्यांमधले स्नायू आपल्या इच्छेविना झटक्याने आकुंचन पावतात. हवा वेगाने आत शिरू लागते आणि सुमारे ३५ मिलिसेकंदांत स्वरयंत्राचं दार बंद होतं. आत येणारी हवा त्या बंद दारावर अडते. आपल्याला ऐकू येतो तो आवाज त्याचा. हा झटका बऱ्याचदा श्वासपटलाच्या एकाच बाजूला बसतो, आणि ती बाजू बहुधा डावी असते.

हा झटका म्हणजे एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचा येण्याचा मार्ग, मधलं केंद्र आणि जाण्याचा मार्ग ठरलेला आहे. घसा, अन्ननलिका, जठर, छाती यांतून निघालेला संदेश प्रामुख्याने व्हेगस आणि फ्रेनिक या दोन नसांमधून मेंदूच्या तळाशी, श्वासाचं नियंत्रण जिथून होतं त्या भागाजवळ पोहोचतो. तिथून उलट हुकूम सुटतो. फ्रेनिक नस श्वासपटलाला झटका देते, आणि व्हेगसची एक शाखा स्वरयंत्राचं दार लावते. एकदा हे चक्र सुरू झालं की मिनिटाला ४ पासून ६० पर्यंत उचक्या लागू शकतात, आणि एका व्यक्तीत त्यांचा वेग साधारण सारखाच राहतो.

या नसा किती लांब प्रवास करतात हे लक्षात घेतलं की उचकीची एरवी विचित्र वाटणारी कारणं कळू लागतात. फ्रेनिक नस मानेच्या मणक्यांतून निघते, छातीत हृदयाच्या आवरणालगत उतरते आणि श्वासपटलात शिरते. व्हेगस कवटीच्या तळातून निघून मानेतून, छातीतून थेट पोटात जाते, आणि तिची एक छोटी शाखा कानाच्या नळीतही पोहोचते. या वाटेवर कुठेही काही टोचलं, दाबलं किंवा सुजलं तर उचकी सुरू होऊ शकते. कानातला एखादा केस पडद्याला टेकल्यामुळे दिवसच्या दिवस उचकी लागलेल्या आणि तो केस काढल्यावर बऱ्या झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

उपाय दोनच दिशांनी काम करतात

लोक सांगतात ते उपाय शंभर असतील, पण उपयोगी पडणाऱ्या बहुतेकांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. पहिली, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढवणं आणि श्वासपटलाला ताणून धरणं. कार्बन डायऑक्साइड वाढला की उचक्यांचा वेग कमी होतो. श्वास रोखणं याच जातीचं. दुसरी, घसा आणि अन्ननलिका यांना जोरदार काम देऊन व्हेगस नसेला दुसऱ्या संदेशात गुंतवणं. गिळणं, गुळण्या, थंड पाणी, कोरडी साखर हे सगळे त्या बाजूचे.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की दहा उपाय अर्धवट करण्यापेक्षा प्रत्येक बाजूचा एक उपाय नीट, पूर्ण आणि दोनदा करावा. घरात कोणाला उचकी लागली की चहूबाजूंनी सल्ले सुरू होतात. तो बिचारा एक घोट पाणी पितो, जरासा श्वास रोखतो, तेवढ्यात कोणी पाठीत धपाटा घालतं. यात कुठल्याही उपायाला पुरेसा वेळ मिळत नाही.

श्वासाचा उपाय वर दिला आहेच. आता गिळण्याचे.

स्ट्रॉने पाणी. पेलाभर थंड पाणी घ्या. शक्य तितकी बारीक तोंडाची, कडक स्ट्रॉ घ्या आणि जोर लावून पाणी ओढा, लगेच गिळा. न थांबता असे पाच-सहा घोट घ्या. जोराने ओढताना श्वासपटलाला मुद्दाम काम करावं लागतं आणि लागोपाठ गिळताना घशाच्या स्नायूंना. म्हणजे उचकीच्या दोन्ही नसा एकाच वेळी कामाला लागतात. याच तत्त्वावर बनवलेल्या एका खास कडक नळीची अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी पाहणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २४९ जण होते आणि सुमारे ९२ टक्के वेळा उचकी थांबल्याचं त्यांनी सांगितलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि उचकी आपोआपही थांबते, त्यामुळे या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. तरी तत्त्व पटण्यासारखं आहे आणि करून पाहण्यात धोका नाही. कोणी मदतीला असेल तर त्याला पेला धरायला सांगा आणि पाणी ओढताना स्वतःच्या दोन्ही कानांची भोकं बोटांनी हलके बंद करा. कानातल्या त्या छोट्या शाखेलाही मग स्पर्श होतो.

कोरडी साखर. एक चहाचा चमचा दाणेदार साखर जिभेच्या मागच्या भागावर ठेवा आणि पाणी न घेता गिळा. खरखरीत दाणे घशाच्या मागच्या भिंतीला घासतात, तोच इथे उपाय आहे. गोडीचा संबंध नाही, म्हणून सरबत करून पिण्याने तोच परिणाम होईल असं धरू नका. १९७१ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात हा उपाय २० जणांवर केल्याची नोंद छापून आली. त्यातल्या १९ जणांची उचकी तिथल्या तिथे थांबली, आणि काहींना तर ती कित्येक दिवसांपासून होती. हीदेखील लहान आणि तुलनेविना केलेली पाहणी आहे. मधुमेह असेल तर हा उपाय वारंवार करू नका. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना आणि लहान मुलांना कोरडी साखर देऊ नका, ठसका लागून ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

गुळण्या. थंड पाणी तोंडात घेऊन मान मागे करा आणि अर्धा मिनिट गुळण्या करा. श्वास रोखणं ज्यांना वर्ज्य आहे त्यांच्यासाठी हा सर्वांत सुरक्षित उपाय.

पुढे वाकून बसणं. जमिनीवर बसून गुडघे छातीशी घ्या, हातांनी मिठी मारा आणि मिनिटभर तसेच राहा. पोटाचा दाब श्वासपटलाला खालून आधार देतो. जेवणानंतर लगेच मात्र हे करू नका, अन्न वर येईल. पोट तट्ट भरल्यामुळे उचकी लागली असेल तर उभं राहून सावकाश फेऱ्या मारणं आणि ढेकर येऊ देणं जास्त बरं.

क्रम विचाराल तर मी असा सांगेन: आधी श्वासाचा उपाय दोनदा, मग स्ट्रॉने पाणी, मग साखर. एवढं करूनही थांबली नाही तर थोडा वेळ उपायच बंद ठेवा आणि दुसऱ्या कामाला लागा. बहुतेक उचक्या काही मिनिटांत आपल्या आपण जातात. तासभर राहिली म्हणजे काही भयंकर झालं असंही नाही.

हे करू नका

डोळ्यांची बुबुळं दाबायचा सल्ला काही ठिकाणी अजून दिला जातो. त्याने डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. मानेच्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, चोळणंही तसंच धोक्याचं, विशेषतः वयस्कर माणसात, कारण रक्तवाहिनीत साचलेलं काही सुटून मेंदूकडे जाऊ शकतं. प्लॅस्टिकची पिशवी तोंडाला लावून श्वास घेणं तर कधीही नको. ओणवं होऊन पेल्याच्या उलट्या काठाने पाणी पिण्याचा प्रकार धडधाकट तरुणाला चालेल, पण वृद्धांना आणि पक्षाघात झालेल्यांना त्यात ठसका लागण्याची भीती असते. आणि मागून दचकवणं? त्याचा भरवसा नाही. ज्याचं हृदय कमजोर आहे त्याला दचकवून मिळणारं काही नाही, झालं तर नुकसानच.

पुन्हा पुन्हा लागत असेल तर

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे फुगलेलं जठर. भरभर जेवणं, जेवताना बोलत हवा गिळणं, एका वेळी खूप खाणं, फसफसणारी पेयं, च्युइंग गम, सिगारेट या सगळ्यांनी पोटात हवा साठते किंवा जठराच्या भिंती ताणल्या जातात. मद्य आणि खूप तिखट पदार्थ अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला डिवचतात. अतिगरम पदार्थावर लगेच अतिथंड काही घेतलं तरी उचकी लागते. खूप हसणं, भावनेचा आवेग, ताण यांनीही उचकी लागते.

त्यामुळे वारंवार उचकी लागणाऱ्याने एक आठवडा फक्त टिपून ठेवावं: उचकी कधी लागली, त्याआधी काय आणि किती वेगाने खाल्लं, किती वेळ टिकली. कारण बहुधा त्या टिपणातूनच सापडतं. उचकीबरोबर छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येणं असेल तर दुखणं आम्लपित्ताचं असण्याची शक्यता मोठी. मग एका वेळचं जेवण कमी करा, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा. त्याने फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

औषधांकडेही पाहा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, कर्करोगावरची सिसप्लॅटिनसारखी औषधं, मिडाझोलामसारखी शामक औषधं, काही तीव्र वेदनाशामकं यांनी उचकी लागू शकते. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या भुलीनंतरही लागते. नवं औषध सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत उचकी आली असेल तर ती तारीख लिहून ठेवा आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका. काही काळ चालू असलेलं स्टेरॉइड अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं, आणि डॉक्टरांकडे दुसरं औषध देण्याचा पर्याय बहुतेक वेळा असतो.

बाळाची उचकी

बाळांना उचकी आईच्या पोटात असल्यापासूनच लागते. गरोदरपणात पोटात तालबद्ध, छोटे, सारख्या अंतराने बसणारे धक्के जाणवतात ते बऱ्याचदा तेच असतात. जन्मानंतरही ती मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा लागते, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर आणखी. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१९ साली १३ नवजात बाळांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवल्या. प्रत्येक उचकीबरोबर मेंदूत लहरी उमटताना त्यांना दिसल्या. श्वासाचे स्नायू ओळखायला आणि ताब्यात घ्यायला बाळाचा मेंदू यातून शिकत असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

आईवडिलांना उचकीने जेवढा त्रास होतो तेवढा बाळाला होत नाही. दूध पिताना लागली तर क्षणभर थांबा, बाळाला खांद्याशी उभं धरा, ढेकर काढा आणि शांत झालं की पुन्हा पाजा. पाजून झाल्यावर २० ते ३० मिनिटं उभं धरलं तर फायदा होतो. बाटलीने पाजत असाल तर निपलचं भोक फार मोठं नाही ना, आणि बाटलीच्या तोंडाशी हवा राहत नाही ना, हे पाहा. बाळ खूप रडेपर्यंत भुकेलं ठेवू नका, मग ते अधाशासारखं पितं आणि हवा गिळतं.

मोठ्यांचे उपाय बाळावर करायचे नाहीत. साखर नको, दचकवणं नको, जीभ ओढणं नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणीही नको. मध तर एक वर्षापर्यंत अजिबात नको, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. उचकीबरोबर बाळ पाठीची कमान करून रडत असेल, भरपूर दूध ओकत असेल, वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

४८ तासांची रेघ

इथपर्यंत सांगितलेली उचकी निरुपद्रवी. पण सतत किंवा पुन्हा पुन्हा येणारी उचकी ४८ तासांपलीकडे गेली की वैद्यकशास्त्र तिला चिवट उचकी मानतं आणि कारण शोधायला लागतं. महिन्यापलीकडे गेली तर ती आणखी वेगळ्या, दाद न देणाऱ्या वर्गात जाते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑस्बोर्न यांना १९२२ मध्ये लागलेली उचकी १९९० मध्ये थांबली. ६८ वर्षांचं हे उदाहरण अपवादातला अपवाद आहे, पण उचकी थकवणारा आजार होऊ शकते याबद्दल शंका ठेवत नाही.

मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हे की दोन दिवस टिकलेल्या उचकीला घरचे उपाय करत बसू नका. जठराच्या तक्रारी हे तिचं मोठं कारण आहेच, पण मूत्रपिंडं निकामी होणं, रक्तातलं सोडियम किंवा कॅल्शियम कमी होणं, न्यूमोनिया, श्वासपटलाखाली यकृतात झालेला गळू, मानेतली गाठ, हृदयाच्या खालच्या भागाला बसलेला झटका, यांपैकी काहीही उचकीच्या रूपाने समोर येऊ शकतं. वयस्कर माणूस उचकीबरोबर सुस्त झाला असेल, गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर रक्त त्याच दिवशी तपासून घ्या.

मेंदूची कारणं त्याहून सहज नजरेतून सुटतात. मेंदूच्या तळाशी रक्तपुरवठा थांबून झालेल्या पक्षाघातात हात-पाय लुळे न पडताही नुसती गरगर, तोल जाणं, गिळता न येणं, आवाज घोगरा होणं आणि उचकी एवढंच दिसू शकतं. ही लक्षणं एकदम सुरू झाली तर ४८ तास मोजायचे नाहीत, तडक रुग्णालय गाठायचं. चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, धाप लागणं, रक्ताची उलटी याबाबतीतही तेच. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाच्या आजारात कधी कधी सुरुवातीला फक्त न थांबणारी उचकी, मळमळ आणि उलट्या असतात. हा आजार स्त्रियांत जास्त आढळतो. पोटाचा विकार समजून आठवडे वाया जातात, आणि पुढचा हल्ला डोळ्यांच्या नसेवर किंवा मज्जारज्जूवर होतो. पोटाच्या औषधांना दाद न देणारी उचकी-उलटी असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं का, असं स्वतःहून विचारा.

डॉक्टरांकडे जाताना कधीपासून आहे, झोपेत थांबते का, खाण्याशी संबंध आहे का, वजन घटलं का, ही उत्तरं आणि सर्व औषधांची यादी बरोबर न्या. गाढ झोपेतही चालू राहणारी उचकी शारीरिक कारणाकडे बोट दाखवते. कान, घसा आणि मान यांची तपासणी, रक्त, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे यापासून सुरुवात होते. गरज वाटली तर एंडोस्कोपी किंवा एमआरआय.

कारण सापडलं तर उपचार त्याच्यावर. न सापडल्यास बहुधा आम्ल कमी करणारं औषध आधी देऊन पाहतात. पुढे बॅक्लोफेन, गॅबापेन्टिन, मेटोक्लोप्रामाइड किंवा क्लोरप्रोमाझिन यांपैकी काही. ही दुकानातून परस्पर आणून घ्यायची औषधं नव्हेत. मूत्रपिंडं कमजोर असताना बॅक्लोफेन शरीरात साठतं आणि गुंगी, भ्रम, बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतं. क्लोरप्रोमाझिनने उठून उभं राहताना रक्तदाब कोसळू शकतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची उचकी

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उचकी लागली तर प्रत्येक झटका टाक्यांवर बसतो. पोटावर उशी हलके धरून आधार द्या आणि सर्जनना लगेच कळवा, कारण जठर फुगलेलं असू शकतं किंवा श्वासपटलाखाली पू झालेला असू शकतो.

कर्करोगाच्या किंवा दीर्घ आजाराच्या रुग्णाला उचकी जेवू देत नाही, झोपू देत नाही, दोन वाक्यं सलग बोलू देत नाही. आधीच खंगलेलं शरीर त्याने आणखी गळतं. तरीही मोठ्या दुखण्यापुढे एवढंसं काय सांगायचं म्हणून रुग्ण गप्प राहतो आणि नातेवाईकही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, मऊसर खायला द्या. भरवताना पाठीशी उशा लावून उठवून बसवा, नंतर अर्धा तास तसंच राहू द्या. उचकी चालू असताना घास भरवू नका, ती ओसरण्याची वाट पाहा. आणि डॉक्टरांच्या पुढच्या फेरीत वेदना, ताप, झोप यांच्याबरोबर उचकीचंही नाव घ्या. दिवसात किती वेळ असते, रात्री किती वेळा जाग आणते, ते सांगा. ती कमी करणारी औषधं आहेत, रुग्णाने ती सोसत पडून राहायची गरज नाही.